चालत्या मिलला हात

भाऊबीजेच्या संध्याकाळी इस्लामपुरात मामांच्या घरी ओवाळणी उरकून आम्ही चहाला बसलो होतो, तेवढ्यात न्यू जर्सीहून मामेबहिणीचा फोन आला. तिकडे सकाळ होती. "आबा, टीव्हीवर आजीच्या ओव्या लागत नाहीत. रात्री ॲप आपोआप नवं झालं आणि आता ते म्हणतंय, तुमचा सर्व्हर फार जुना आहे."

मामांनी फोन खाली ठेवला. "ॲपवाल्यांनी बिघडवलं."

माझी धाकटी बहीण पुण्यात सर्व्हर सांभाळायची नोकरी करते. ती म्हणाली, "ॲपवाल्यांनी नाही मामा. तुम्ही तीन वर्षं हात लावला नाही, म्हणून बिघडलं."

इथून जो वाद सुरू झाला तो त्या रात्री जेवणं झाल्यावरही चालू होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही. मी दोघांच्या मध्ये बसून ऐकत होतो. २०२५च्या दिवाळीतला तो वाद जमेल तसा इथे मांडतो आहे, कारण घरातल्या एका जुन्या कॉम्प्युटरपेक्षा तो बराच मोठा होता.

आधी मामांविषयी. चौतीस वर्षं साखर कारखान्यात, मिल हाऊसला. फिटर म्हणून लागले, फोरमन होऊन निवृत्त झाले. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी बोरगावातल्या जुन्या घरात शिरलं. माळ्यावर न चढवलेल्या एका ट्रंकेत साठेक कॅसेट होत्या: आजीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या जात्यावरच्या ओव्या, सप्ताहातली कीर्तनं, कुस्तीच्या मैदानातलं समालोचन, लग्नातली गाणी. नऊ कॅसेट कायमच्या गेल्या. उरलेल्या मामांनी पुसून, वाळवून, एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटही डीव्हीडीवरून आणल्या. मग राजारामनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या शेजारच्या मुलाने २०२२च्या डिसेंबरात त्या कॉम्प्युटरवर जेलीफिन बसवून दिलं. घरातला गाण्यांचा आणि चित्रफितींचा साठा नीट मांडून टीव्हीवर, फोनवर, दूरच्या माणसापर्यंत पोहोचवणारा हा मीडिया सर्व्हर. एम्बी नावाच्या प्रकल्पाने आपला सोर्स कोड खुला ठेवणं बंद केलं तेव्हा, २०१८च्या डिसेंबरात, काही जणांनी त्याची शेवटची खुली आवृत्ती घेऊन वेगळी चूल मांडली, तीच ही जेलीफिन. ती फुकट आहे, खुली आहे, आणि स्वयंसेवक ती चालवतात. मामांना ती भावली, कारण तिला कुणी मालक नाही.

बसवलेली आवृत्ती १०.८.८. त्यानंतर कुणी हात लावला नव्हता.

मामा : हंगाम चालू असताना मिल उघडत नाहीत पोरी. गव्हाणीत मोळी पडली की पुढचे चार-पाच महिने कान लावून ऐकायचं. आवाज बदलला तर बघायचं. आवाज नीट असेल तर हात मागं बांधून उभं राहायचं. नवीन पोरं येतात आणि चालत्या मशीनचा बोल्ट आवळायला जातात. बोटं जातात त्यांची.

धाकटी : आणि हंगाम संपल्यावर काय करायचा?

मामा : संपल्यावर सगळं उघडायचं. ओव्हरहॉलिंग.

धाकटी : सगळं म्हणजे?

मामा : रोलर काढायचे, दात बघायचे, बेअरिंग, टर्बाईन, पंप... बॉयलरच्या ट्यूबा. बॉयलर इन्स्पेक्टर येऊन बघून जातो, त्याचा दाखला सहसा बारा महिन्यांच्या वर मिळत नाही. १९२३च्या कायद्यापासून ते तसंच चालत आलंय.

धाकटी : मग या सर्व्हरचा ऑफ सीझन कधी असतो मामा? तीन वर्षं एकच हंगाम चाललाय तुमचा.

मामा गप्प झाले. मला वाटलं, झालं, वाद इथेच मिटला. पण चौतीस वर्षं मशीनशी बोललेला माणूस एका वाक्याने हरत नाही.

मामा : आम्ही उघडतो ते झीज होते म्हणून. उसात वाळू येते, माती येते, रोलर घासतो. लोखंड झिजतं. हा प्रोग्रॅम झिजतो का? तीन वर्षांपूर्वी जे अक्षर जिथं होतं तिथंच आज आहे. मग काय बदलायचं?

हा प्रश्न मला खरा वाटला. अपडेट करा, अपडेट करा असं सगळे सांगतात, पण न झिजणाऱ्या वस्तूची दुरुस्ती कशासाठी, हे कुणी समजावत नाही. धाकटीनेही घाई केली नाही. चहाचा कप बाजूला ठेवला आणि मग बोलली.

धाकटी : प्रोग्रॅम झिजत नाही, बरोबर. पण तो एकटा नाही ना. तुमची मिल तिथेच राहिली आणि रस्ता हलला तर? फ्लॅश आठवतंय? त्याच्यावर किती मराठी गाण्यांची पानं चालायची. ३१ डिसेंबर २०२०ला ते बंद झालं. गाणी तिथेच होती, कुणी पुसली नव्हती, पण ती वाजवणारं ब्राउझरमधलं यंत्र उचलून नेलं. न्यू जर्सीच्या टीव्हीवर आज तेच झालंय. सर्व्हर बिघडलेला नाही, टीव्ही पुढे गेलाय.

मामा : टीव्हीलाच थांबायला सांगायचं.

धाकटी : टीव्ही तिच्या घरात आहे, आपल्या हातात नाही. आणि झिजेपेक्षा वेगळीही एक गोष्ट आहे. बॉयलर बांधला त्या दिवशी वेल्डिंगमध्ये एक बारीक चीर राहून गेली, आणि ती तीन वर्षांनी कुणाच्या लक्षात आली, तर? ती पहिल्या दिवसापासून होतीच. माहीत नव्हतं एवढंच. प्रोग्रॅममध्ये तसं होतं. २०२३च्या एप्रिलमध्ये जेलीफिनमध्ये दोन चिरा सापडल्या. साध्या खात्याचा माणूस, ज्याला फक्त गाणी ऐकायची परवानगी आहे, तो त्या दोन चिरा जोडून सर्व्हरवर स्वतःचा प्रोग्रॅम चालवू शकत होता. त्या १०.८.१० मध्ये बुजवल्या. तुमची १०.८.८ आहे.

मामा : आपल्याकडं परका कोण येतो?

धाकटी : पाहुण्यांसाठी एकच खातं काढलंय आणि त्याचा पासवर्ड सगळ्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. शिवाय केबलवाल्याकडून कायमचा आयपी घेऊन ८०९६ नंबरचं दार तुम्ही सगळ्या जगाला उघडं ठेवलंय. तेही साध्या एचटीटीपीवर, म्हणजे पासवर्ड पोस्टकार्डावर लिहून पाठवल्यासारखा जातो. बाहेर रात्रंदिवस लाखो दारं ढकलून बघणारे प्रोग्रॅम फिरत असतात. त्यांना इस्लामपूर कुठे आहे हे ठाऊक असावं लागत नाही.

मग तिने लास्टपासची हकीकत सांगितली. ती मलाही नीट माहीत नव्हती. लोकांचे पासवर्ड सांभाळणारी ही मोठी अमेरिकन कंपनी. २०२२ मध्ये तिच्यावर दरोडा पडला. तिच्या एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्लेक्स हा मीडिया सर्व्हर होता. मामांच्या जेलीफिनचाच भाऊबंद म्हणा. त्यातली एक चीर प्लेक्सने मे २०२० मध्येच बुजवली होती. त्या इंजिनिअरने ती दुरुस्ती कधी घेतलीच नाही. प्लेक्सने नंतर सांगितलं की दुरुस्त आवृत्तीनंतर सुमारे पंचाहत्तर आवृत्त्या येऊन गेल्या होत्या. त्या घरगुती सर्व्हरमधून चोर आत शिरला, इंजिनिअरच्या बोटांखालची अक्षरं टिपली आणि कंपनीच्या तिजोरीपर्यंत गेला. घरी सिनेमे बघायला बसवलेली गोष्ट.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून त्यांनी आतून वर्तमानपत्राची कात्रणं ठेवायची फाईल आणली. त्यांना ही सवय कारखान्यापासूनची आहे.

मामा : आता माझं ऐक. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक. सुरक्षेसाठीच केलेलं अपडेट होतं ना ते? जगात ८५ लाख कॉम्प्युटर एका दिवसात निळे पडले. आपल्याकडं विमानतळावर पेनानं बोर्डिंग पास लिहून दिले. ज्यांनी अपडेट घेतलं तेच पडले, व्हय का नाही?

धाकटी : हो.

मामा : आणि ते दुसरं. गेल्या वर्षी तूच सांगितलं होतंस. एक्सझी.

एक्सझी हे फाईल दाबून लहान करायचं एक साधं साधन. लिनक्सच्या जवळपास प्रत्येक मशीनमध्ये असतं. एका माणसाने दोन-अडीच वर्षं मदत करत, विश्वास कमावत, शेवटी त्याची चावी हातात घेतली आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट ठेवली. २०२४च्या मार्चअखेर अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. तो खोदत गेला आणि चोरवाट सापडली.

मामा : ती चोरवाट कुणाकडं पोचली होती? रोज सगळ्यात नवं घेणाऱ्यांकडं. माझ्या मशीनवर डेबियनची स्थिर आवृत्ती आहे, तिच्यात ती आलीच नव्हती. मागं राहिलेला वाचला.

धाकटी : मान्य. ते तुमच्या बाजूचं सगळ्यात पक्कं उदाहरण आहे. पण मामा, फ्रॉइंडने काय केलं? तुम्ही मिलचा आवाज ऐकता तसाच त्याने मशीनचा आवाज ऐकला. हात मागे बांधून उभा राहिला नाही, उघडून बघितलं. आणि डेबियनची स्थिर आवृत्ती तुम्ही म्हणता तशी झोपलेली नसते. नव्या सोयी ती दोन-दोन वर्षं घेत नाही, पण चिरा बुजवायच्या दुरुस्त्या तिला दर आठवड्याला येत असतात. दुरुस्ती वेगळी, नवेपणा वेगळा, अशी तिथे वाटणी आहे. जेलीफिनकडे ती वाटणी करायला माणसं नाहीत. १०.९ आली की १०.८ला दुरुस्ती येणं बंद. तुम्ही स्थिर राहिला नाहीत मामा. ज्या गाडीचे सुटे भाग मिळायचे बंद झाले त्या गाडीत राहिलात.

माझं मत विचाराल तर इथपर्यंत तिचं पारडं जड होतं. पण मामांचा विरोध अजून संपत का नव्हता हे मला कळत नव्हतं. तर्काने हरलेला माणूस चिडतो. मामा चिडलेले नव्हते. ते घाबरलेले दिसत होते. त्यांना असं मी फक्त पुराच्या वेळी पाहिलं होतं.

मामींनी ते कारण सांगितलं. मामांनी सांगितलं नसतं.

जेलीफिन येण्याच्या आधी, पुराच्याही आधी, मामांनी काही कॅसेट एका दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उतरवल्या होत्या. तो एका कंपनीचा होता. चार हिवाळे रोज रात्री बसून त्यांनी प्रत्येक गाण्याखाली लिहिलं: कोण गातंय, कोणत्या गावची, सासर कुठलं, जातं कुणाच्या पडवीत होतं, ओवी कुणावर रचलेली. तेव्हा आजी होती. ती बाजूला बसून आवाज ओळखून सांगायची आणि मामा टाइप करायचे. एक दिवस प्रोग्रॅमने विचारलं, नवी आवृत्ती घ्यायची का? मामांनी हो म्हटलं. गाणी जागच्या जागी राहिली. लिहिलेलं सगळं गेलं. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की जुन्या पद्धतीच्या नोंदी नव्या आवृत्तीत घेता येत नाहीत. पुढच्या वर्षी आजी गेली.

यानंतर धाकटी बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या नोकरीत ती रोज लोकांना अपडेट करायला लावते. पलीकडे बसलेल्या माणसाचं काय काय त्या कॉम्प्युटरमध्ये असतं, हे तिच्यापुढे बहुधा पहिल्यांदाच आलं.

धाकटी : मामा, तुमच्या नोंदी गेल्या त्या अपडेटमुळे नाही. म्हणजे, गेल्या अपडेटच्या वेळी. पण खरी चूक आधीच झाली होती. नोंदी गाण्यापाशी नव्हत्या, प्रोग्रॅमच्या पोटात होत्या. पोट बदललं, नोंदी गेल्या.

मामा : मग कुठं ठेवायच्या?

धाकटी : गाण्याच्या शेजारी.

आणि मग तिने जे केलं ते या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. अपडेटचं बटण तिने दाबलंच नाही. आधी जेलीफिनच्या लायब्ररीच्या सेटिंगमध्ये गेली. तिथे एनएफओ नावाची एक साधी खूण असते, ती मामांकडे बंद होती. ती लावली की चित्रफितीविषयी तुम्ही जे लिहाल ते सर्व्हर आपल्या पोटात ठेवतोच, शिवाय त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकुराच्या फाईलमध्येही लिहून ठेवतो. ती फाईल कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडते. उद्या जेलीफिन राहिली नाही तरी ती राहते. गाण्यांसाठी तिने फाईलच्या आतले टॅग भरायचं साधन मामांना शिकवलं. कॅसेटच्या वेष्टनावर आपण पेनाने लिहायचो ना, तसंच. फक्त ते वेष्टन गाण्यालाच शिवलेलं.

तेव्हा आणखी एक जुना घोटाळा उघडा पडला. मामांकडे काही फोल्डर दोनदा दिसत होती: 'दुसऱ्या दिवसाचे कीर्तन' आणि पुन्हा 'दुसऱ्या दिवसाचे कीर्तन'. अक्षर अन् अक्षर सारखं. मामांचा समज असा की सर्व्हरच चुकतोय. कारण निघालं 'ऱ'. हे आपलं अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एक अखंड 'ऱ', किंवा 'र' आणि त्याखाली वेगळा नुक्ता. डोळ्यांना फरक दिसत नाही, मशीनला ती दोन वेगळी नावं वाटतात. एका नातेवाइकाच्या जुन्या मॅकवरून आलेली फोल्डरं सुट्या नुक्त्याची होती, इथली अखंड. इंग्रजी नावं ठेवणाऱ्याला हा प्रश्न कधी पडणार नाही. त्यासाठी एखादी जादूची सेटिंग नाही. सगळी नावं एकाच पद्धतीची करून घ्यावी लागतात. धाकटीने तेवढ्यासाठी बारा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला.

नावावरून निघालं म्हणून सांगतो. इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५च्या जुलैत जाहीर केला होता. मामांच्या एका फोल्डरचं नाव 'उरुण-इस्लामपूर १९७८'. ते बदलायचं का, असं मामींनी विचारलं. मामा म्हणाले, कॅसेटवर जे नाव लिहिलंय तेच राहील, ती त्या सालाची गोष्ट आहे. धाकटीचं कारण वेगळं होतं. जेलीफिन वस्तू ओळखते ती तिच्या मार्गावरून, फोल्डरचं नाव बदललं की सर्व्हरच्या लेखी ती नवीन वस्तू. कुणी कुठपर्यंत ऐकलं होतं ते विसरलं जातं. इथे दोघांचं एकमत झालं, दोन निरनिराळ्या कारणांनी.

रात्री जेवणानंतर पुन्हा ठिणगी पडली. याच आठवड्यात जेलीफिनची १०.११.० आली होती.

धाकटी : तीच घेऊ. सरळ शेवटच्या पायरीवर जाऊ.

मामा : या आठवड्यातली?

धाकटी : हो.

मामा : आत काय बदललंय?

धाकटी : बरंच. नोंदींचा डेटाबेस मुळातून नव्या पद्धतीने लिहिलाय. आधीच्या दोन फाईली होत्या त्यांची एक होते. पहिल्यांदा चालू करताना तो सगळा माल इकडून तिकडे हलवतो. मोठ्या लायब्ररीला तासन् तास लागतात. मध्येच बंद करायचं नाही.

मामा : आणि मागं यायचं ठरवलं तर?

धाकटी : येता येत नाही. जुन्या आवृत्तीला नवी मांडणी वाचता येत नाही. आधी काढलेली प्रत परत लावायची, एवढाच मार्ग.

मामा : मग नको. नवीन डिझाइनचा रोलर पहिल्या वर्षी आपण बसवत नाही. दुसऱ्या कारखान्यानं एक हंगाम चालवलेला बघायचा, त्यांच्या फोरमनला चहा पाजायचा, काय काय तुटलं विचारायचं, मग आपण.

धाकटीने थोडा वेळ वाद घातला, मग मान्य केलं. इथे मामा बरोबर होते, असं मी ठामपणे म्हणतो. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत १०.११.१, १०.११.२ अशा दुरुस्त्या लागोपाठ आल्या, म्हणजे पहिल्या रोलरचे दात कुठेतरी तुटतच होते. दोघांनी १०.१०.७ ठरवली. ती एप्रिल २०२५ची, सुरक्षेच्या दुरुस्त्या असलेली, सहा महिने लोकांनी वापरून झालेली. न्यू जर्सीच्या टीव्हीलाही ती चालणार होती. आणि पुढे कधी १०.११वर जायचं तर पायरी म्हणूनही तीच बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागले. मामांनी कपाटातून जुनं लॉगबुक काढलं, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, रेघांचं. पहिली नोंद: वेळ, आवृत्ती १०.८.८, सर्व्हर बंद केला. बंद करणं महत्त्वाचं. सर्व्हर चालू असताना डेटाबेसची फाईल उचलली तर अर्धं लिहिलेलं पान उचललं जातं. मग दोन फोल्डरं बाहेरच्या हार्डडिस्कवर: एक सर्व्हरच्या डेटाचं, एक कॉन्फिगरेशनचं. गाणी आणि चित्रफिती वेगळ्या, त्यांची प्रत आधीच दोन ठिकाणी होती. त्यातलं एक ठिकाण पुणे, कारण पूर एकाच गावाला येतो.

धाकटी निघाली पुढच्या पायरीवर. मामांनी तिला थांबवलं.

मामा : ही प्रत चालते कशावरून?

धाकटी : कॉपी झालीय. आकार सारखा आहे.

मामा : सेफ्टी व्हॉल्व्हचा आकारही सारखाच असतो. तो उडतो का ते बघावं लागतं.

ती हसली नाही, थबकली. मग जुन्या लॅपटॉपवर तीच १०.८.८ बसवली, प्रत तिथे परत लावली आणि चालू केली. पहिल्या वेळी चाललीच नाही. फोल्डरांची मालकी चुकीच्या वापरकर्त्याच्या नावावर राहिली होती. ती दुरुस्त केली तेव्हा चालली. अपडेट बिघडलं असतं आणि हीच चूक त्या घाईत समोर आली असती, तर मामांना वाटलं असतं की पुन्हा सगळं गेलं. तिने हे नंतर मला दोनदा सांगितलं. नोकरीत ती प्रती रोज काढते, परत लावून बघायची वेळ क्वचित येते.

अपडेट स्वतः बारा-पंधरा मिनिटांचं होतं. तेवढ्यात लाईट गेली. यूपीएसने धरलं. मामांनी लॉगबुकात तेही लिहिलं.

पुढचे दोन तास सेटिंगमध्ये गेले. ८०९६चं दार बाहेरच्या जगाला बंद केलं. त्याऐवजी टेलस्केल बसवलं. त्याने घरची आणि न्यू जर्सीची यंत्रं आपल्यापुरत्या एका खासगी वाटेने जोडली जातात, रस्त्यावर दार उघडावं लागत नाही. पाहुण्यांचं सामायिक खातं काढून प्रत्येकाला वेगळं दिलं. मग लग्नाच्या डीव्हीडी. त्या एमपेग-२ या जुन्या प्रकारात आहेत, ब्राउझरला तो वाजवता येत नाही, म्हणून सर्व्हरला तो तिथल्या तिथे नव्या प्रकारात रूपांतरित करून पाठवावा लागतो. मामांना हे कळेना. तेव्हा धाकटी म्हणाली, गुऱ्हाळावर रस मागणाऱ्याला रस दिला की काम संपतं, पण प्रत्येक गिऱ्हाईक गूळच मागत असेल तर दर वेळी काहील चढवावी लागते. तीन वर्षं हा बिचारा प्रोसेसर प्रत्येक लग्नाला नुसत्या हातांनी काहील चढवत होता. या रूपांतराचं वेगळं यंत्र, इंटेलचं क्विक सिंक, त्याच चिपमध्ये होतं, पण सेटिंग बंद. ते चालू केलं आणि पंख्याचा घरभर ऐकू येणारा आवाज बसला. मामा उठून मशीनजवळ गेले, कान लावला आणि म्हणाले, "आता बरोबर फिरतोय."

मामींनी जुने फोटो लावून ओव्यांच्या चित्रफिती केल्या आहेत, खाली शब्दही आहेत. न्यू जर्सीत ते शब्द चौकोन होऊन दिसायचे. सर्व्हरवर देवनागरीचा फॉन्टच नव्हता. नोटो सान्स देवनागरी बसवला, पर्यायी फॉन्टची सेटिंग लावली. चौकोनांची अक्षरं झाली.

जेवताना विषय ओव्यांवर गेला, तेव्हा मी एक गोष्ट सांगितली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नंतर बर्नार्ड बेल यांनी त्यांचा डेटाबेस बांधला आणि शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण झालं. त्या ओव्या २०१७पासून 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, गाणारीच्या नावासह, गावासह.

धाकटी म्हणाली, "बघा, त्या एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत हलवत आणल्या म्हणून आज ऐकू येतात."

मामा म्हणाले, "हलवताना मूळ टेप आणि नावं कुणी टाकली नाहीत म्हणून."

दोघंही जेवत राहिले.

न्यू जर्सीत सकाळ झाली तेव्हा तिकडच्या टीव्हीवर आजीचा आवाज लागला. मामेबहिणीने फोन टीव्हीसमोर धरला. समुद्रापलीकडून फिरून आलेली ओवी आम्ही त्याच खोलीत ऐकली, जिथे ती फाईल होती. लॉगबुकात शेवटची ओळ अशी आहे: "१०.१०.७ चालू. प्रत काढली, परत लावून पाहिली. १०.११ — ". पुढे जागा मोकळी आहे. धाकटीचं म्हणणं डिसेंबर, मामांचं म्हणणं हंगाम संपल्यावर.

संध्याकाळी मामा नोंदी पुन्हा लिहायला बसले. पहिल्याच ओवीवर अडले. आजीच्या मागून दुसरा एक आवाज आहे, किंचित चढा, शेवटचा शब्द ओढणारा. त्याचं नाव त्या हरवलेल्या नोंदींत होतं. मामांना आठवेना. मामी म्हणाल्या, बोरगावला थोरल्या काकी आहेत अजून, अठ्ठ्याऐंशीच्या, कान शाबूत आहेत. फोन लावला. धाकटीने स्पीकर ओवीजवळ धरला. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नव्हता.

मग काकी म्हणाल्या, "पुन्यांदा लाव."